चपळ कोणाला म्हणावे?



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते धुळ्याच्या यंत्रमागांवर, युनियनच्या कचेरीत आणि येथल्या व. वा. वाचनालयाच्या बाकावर बसून. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो कथांतल्या लढवय्यांच्या वेगाचा. त्यांना हसू आले असेल, पण त्यांनी ते सभ्यपणाने आवरले आणि विषय छापला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

विषय आमच्या डोक्यात घातला तीन पोरांनी. औद्योगिक वसाहतीतल्या एका गेटवर आमची सभा होती. पाळी सुटायला अवकाश होता म्हणून आम्ही चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारी पोरांचे भांडण चालले होते. एकाचा पक्ष मारुतीचा. दुसऱ्याचा अमेरिकन चित्रकथांतल्या, सिनेमात लाल कपडे घालून धावणाऱ्या फ्लॅशचा. तिसऱ्याला बापाच्या जुन्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्स सापडली होती, त्यामुळे तो वेताळाच्या बाजूने लढत होता. इंद्रजाल 1964 साली सुरू झाले. आम्हीही लहानपणी त्यातला वेताळ मराठीत वाचला आहे, तेव्हा त्या पोराविषयी आम्हाला थोडी माया वाटली. एवढ्यात मारुतीवाल्याने आम्हालाच पंच केले. "दादा, तुम्हीच सांगा, कोन जास्ती पयस, मारुती का फ्लॅश?"

आम्ही म्हणालो, मारुती. यावर फ्लॅशवाला म्हणाला, "कशावरून?"

आता गेटवर मालकाच्या माणसांशी वाद घालण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला "कशावरून" या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, हे लाजिरवाणे होते. पण देता आले नाही खरे. कारण घरी जाऊन विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की तिघेही पोरे वेगवेगळ्या गोष्टींना वेग म्हणत होती. फ्लॅशवाला पायांविषयी बोलत होता. वेताळवाला, पिस्तूल किती झटकन बाहेर येते त्याविषयी, म्हणजे हाताविषयी. आणि मारुतीवाला सगळ्याच विषयी, कारण मारुतीचे स्तोत्र त्याला मनाच्या वेगाचाही म्हणते आणि वाऱ्याच्या वेगाचाही. स्तोत्रकाराने हे दोन निरनिराळे सांगितले आहेत. आपण ते एका दमात म्हणून टाकतो आणि एकच समजतो.

आपल्या खानदेशातला घोड्यांचा व्यापारी असे समजणार नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो तेथे जाऊन पाहावे. घोडा पळतो किती, एवढेच विचारणारा गिऱ्हाईक तेथे नवखा ठरतो. जाणता माणूस चाल विचारतो. दुडकी कशी, रवाल कशी, चौखूर सुटल्यावर किती वेळ टिकतो, वळताना पाय कसे टाकतो, उभ्याचा एकदम उसळतो का. रवाल चालीचा घोडा शर्यत जिंकणार नाही, पण स्वाराला दिवसभर न थकविता नेईल, आणि त्या गुणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. घोड्याच्या बाबतीत जे शहाणपण आपल्या भाषेत आहे ते माणसाच्या बाबतीत आपण वापरीत नाही. माणसाला आपण सरसकट चपळ म्हणतो, नाहीतर सुस्त म्हणतो.

जुन्या कथाकारांना मात्र हा भेद नीट ठाऊक होता असे आमचे मत झाले आहे. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा आहे. नल बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्यावर आलेले. अयोध्येहून विदर्भात, म्हणजे आमच्या भुसावळच्या पलीकडच्या मुलखात, एका दिवसात पोहोचायचे. नल घोडे असे सोडतो की राजाचे उपरणे खाली पडते आणि "थांब, उचलून घेऊ" असे राजा म्हणतो तोवर ते एक योजन मागे राहिलेले असते. राजा थक्क होतो. पण तोही काही कमी नाही. वाटेत बेहड्याचे झाड दिसते आणि धावत्या रथातून एका नजरेत राजा सांगतो की याच्या दोन फांद्यांवर 2,095 फळे आहेत. नलाचा विश्वास बसत नाही. इतकी घाई असताना तो रथ थांबवितो, खाली उतरून फळे मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. पुढे दोघे विद्येची अदलाबदल करतात. राजाने घोड्यांची विद्या घ्यायची, नलाने फाशांची आणि मोजणीची.

या कथेत कोण वेगवान? रथ नलाचा पळतो, नजर ऋतुपर्णाची पळते. एकाची विद्या दुसऱ्याला नाही, म्हणूनच सौदा होतो. वेग ही एकच वस्तू असती तर त्या दोघांना एकमेकांकडून घेण्यासारखे काही उरले नसते.

मारुतीचेच घ्या. सगळे भाविक आम्हाला क्षमा करतील अशी आशा आहे, कारण आम्हीही शनिवार करणाऱ्यांपैकी आहोत. लंकेहून हिमालयापर्यंत तो उडाला, त्या वेगाला तोड नाही. पण पर्वतावर उतरल्यावर कोणती वनस्पती घ्यायची हे त्याला उमगेना, म्हणून त्याने सबंध शिखरच उपटून आणले. पाय पोहोचले, ओळख पोहोचली नाही. आणि याच मारुतीने समुद्र ओलांडताना सुरसेला काय हात दाखविला! ती तोंड मोठे करीत गेली, हाही मोठा होत गेला, आणि ती पुरती पसरली तेव्हा एकदम अंगठ्याएवढा होऊन आत शिरून बाहेर आला. तेथे उड्डाणाचा उपयोग नव्हता, युक्ती सुचण्याचा वेग होता. म्हणजे एकाच वीरापाशी आज एक वेग भरपूर असतो आणि उद्या नेमका दुसरा लागतो.

दशरथाची कथा याहून वाईट आहे. तो शब्दवेधी. डोळ्यांनी न पाहता आवाजावर बाण सोडायचा. अंधारात नदीवर घागर भरण्याचा आवाज झाला, याला वाटले हत्ती पाणी पितो, आणि बाण सुटला. बाण अचूक लागला. बाणाला लागलेला मात्र आंधळ्या आईबापांचा मुलगा होता. आवाज कानी पडल्यापासून बाण सुटेपर्यंत जो वेळ गेला तो फार थोडा होता आणि त्याच विद्येचा त्याला अभिमान होता. आवाज कशाचा आहे हे ओळखायला जो वेळ लागतो, तो त्याने घेतला नाही.

आता हे सारे मोजता येते का? 1850 पर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञही समजत की शिरेतून जाणारा संदेश इतका जलद असतो की तो मोजणे शक्य नाही. त्या वर्षी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजला. सेकंदाला तीसेक मीटर, किंबहुना थोडा कमीच निघाला. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाहेर येऊन उभे राहिलो होतो. भरधाव सुटलेल्या आगगाडीएवढा वेग! आम्ही समजत होतो विजेएवढा असेल. पुढे 1868 साली डाँडर्स या डच वैद्याने आणखी एक गोष्ट दाखविली. एकच खूण ठरलेली असेल तर माणूस लवकर उत्तर देतो. दोनचार खुणांपैकी कोणती आली हे पाहून मग निरनिराळे उत्तर द्यायचे असेल तर वेळ वाढतो. म्हणजे हात हलायला वेळ लागतो तो निराळा, आणि काय झाले हे ठरवायला लागतो तो निराळा.

साध्या माणसाला दिवा पेटलेला दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. आवाज असेल तर त्याहून थोडा कमी. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाचा बार झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या हिस्स्याच्या आत कोणी हलला तर त्याने बार ऐकून नव्हे, अंदाजाने पाय उचलला असे धरून त्याला बाद करतात. 2009 साली बर्लिनला उसेन बोल्ट शंभर मीटर 9.58 सेकंदांत धावला. त्या शर्यतीत बार झाल्यावर असाफा पॉवेल बोल्टच्या आधी हलला, 0.134 सेकंदांत, बोल्टला 0.146 लागले. पॉवेल तिसरा आला. जगातला सर्वांत वेगवान माणूस जागा होण्यात पहिला नव्हता.

हे हिशेब हाती आल्यावर आम्ही त्या पोरांकडे पुन्हा गेलो. खास गेलो असे नव्हे, सभा होतीच. फ्लॅशवाल्याला म्हटले, तुझा गडी आवाजाच्या वेगाने पळतो असे धर, सेकंदाला 340 मीटर. डोळे आणि डोके मात्र तुझ्यामाझ्यासारखे. पुढे भिंत आहे हे दिसून पाय थांबविण्याचा हुकूम सुटेपर्यंत तो 68 मीटर पुढे गेलेला असेल. भिंतीतून! पोरे खूष झाली. फ्लॅशवाला हुशार निघाला. म्हणाला, त्याचे डोकेही तेवढेच जलद चालते, तसे दाखविले आहे. हे खरे आहे. 1940 पासून ज्यांनी त्या पात्राच्या गोष्टी लिहिल्या, त्यांना ही अडचण कळली असली पाहिजे, म्हणून त्यांनी पायांबरोबर नजरही जलद केली. वेताळाची गोष्ट निराळी. तो आपल्यासारखाच माणूस. समोरच्याने दहा मीटरवरून गोळी झाडली तर सेकंदाला 300 मीटर जाणारी गोळी तीसाव्या हिस्स्यात येऊन पोहोचते, तोवर वेताळाला दिसलेदेखील नाही. मग रहस्यकथांतले आणि साहसकथांतले नायक गोळी चुकवितात ती कशी? चांगला लेखक असेल तर नायक गोळी चुकवीत नाही, नेम चुकवितो. समोरच्याचा खांदा ताठ झाला, डोळा बारीक झाला, की हा हलतो. म्हणजे घडण्याआधी ओळखतो.

भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे मुलांना का आवडला याचे कारण आम्हाला येथे सापडते. नावात फास्टर आहे, सायकल आहे, पळापळ आहे. पण तो "ट्टॉक" करतो तेव्हा काहीतरी त्याच्या ध्यानात आलेले असते, ते इतरांच्या अजून आलेले नसते. सडपातळ पोरगा धटिंगणांना पुरून उरतो तो ओळखीच्या वेगाने. कुस्तीतही हेच. नामांकित पैलवान समोरच्याच्या पायाकडे पाहत बसत नाही. खांद्यावर हात ठेवलेला असतो, समोरच्याचे वजन सरकले की हाताला आधी कळते. स्पर्शाचे उत्तर डोळ्याच्या उत्तरापेक्षा लवकर येते.

आता येथवर आपण हसतखेळत आलो. हा विषय आम्ही पोरांच्या भांडणासाठी घेतला हे पूर्ण खरे नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात, नाव घेत नाही, पॉवर प्रेसवर एका तरुण कामगाराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. वय सव्वीस. सगळ्या खात्यात सर्वांत चपळ हात. उत्पादनाबद्दल त्याला बक्षीस मिळाले होते, आणि ते मिळाले तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्ही होतो. नगावर जादा पैसे देण्याचा करार युनियनने, म्हणजे आम्हीच केला होता. डायपुढची जाळी काढून ठेवलेली होती. तिच्यामुळे नग कमी निघतात म्हणून काढली होती, आणि कामगारांनाही ती नकोशी होती. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे आम्ही म्हणू शकत नाही.

चौकशी बसली. व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्याने प्रश्न केला, "इतका चपळ माणूस. प्रेस दुसऱ्यांदा खाली येताना दिसला नाही? दिसला, तर हात मागे का घेतला नाही? अर्थ एकच, लक्ष नव्हते. निष्काळजीपणा." आम्ही उभे राहून 1948 च्या कारखाना कायद्यातले यंत्राला आडोसा घालण्याचे कलम 21 वाचून दाखविले. ते बरोबरच होते. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर ते नव्हते. पोरगा खाली मान घालून बसला होता. त्याला स्वतःलाच वाटत होते की आपला हात मागे यायला हवा होता. बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाला, "साहेब, माझी सवय मोडली असेल. मी आधी इतका सुस्त नव्हतो."

त्या वाक्यामुळे आम्ही वाचनालयाच्या बाकावर पुन्हा जाऊन बसलो. यंत्राच्या संरक्षणाचे हिशेब करणारे इंजिनियर माणसाचा हात सेकंदाला 1.6 मीटर जातो असे धरतात. प्रेस मिनिटाला शंभर ठोक्यांचा असेल तर एका ठोक्याला सेकंदाचे सहा दशांश, त्यातला निम्मा वेळ खाली येण्याचा, म्हणजे तीन दशांश. पहिला ठोका झाला, कामगाराने तयार नग काढायला हात आत घातला, आणि यंत्र बिघडून आपोआप दुसरा ठोका सुरू झाला. डोळ्याने पाहिले, डोक्याने ओळखले, हुकूम निघाला: दोन दशांश गेले. तेवढ्यात हात थांबलेला नाही, तो 32 सेंटिमीटर आणखी आत गेला. आता उरला एक दशांश. त्यात हाताने थांबायचे, उलटे फिरायचे आणि 32 सेंटिमीटर बाहेर यायचे. आत जायला ज्याला दोन दशांश लागले त्याने एका दशांशात बाहेर यावे अशी अधिकारी महाशयांची अपेक्षा होती.

आणि यातली खरी गोम पाहा. हाच कामगार सावकाश हाताचा असता, सेकंदाला अर्धा मीटर नेणारा, तर त्या दोन दशांशांत त्याचा हात दहाच सेंटिमीटर आत गेला असता. कदाचित डायपर्यंत पोहोचलाही नसता. बोटे गेली ती हात चपळ होता म्हणून. बक्षीस ज्या वेगाला मिळाले तो हाताचा वेग. जाब ज्या वेगाचा विचारला तो ओळखीचा. पहिला सरावाने वाढतो. दुसरा सहा-सात तास एकच हालचाल केल्यावर हातापेक्षा आधी थकतो, आणि थकल्याचे बाहेरून दिसत नाही, कारण हात आपल्या लयीत चाललेला असतो.

पुढच्या तारखेला आम्ही खडू घेऊन गेलो. टेबलावर 32 सेंटिमीटरची रेघ ओढली आणि अधिकाऱ्यांना त्यांचा हात रेघेच्या एका टोकाला ठेवायला सांगितले. त्यांनी ठेवला नाही. पण रेघेकडे ते बराच वेळ पाहत होते. निकाल अर्धवट लागला. भरपाई मिळाली. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय ठोका पडणार नाही अशी सोय काही यंत्रांवर झाली, सगळ्यांवर नाही. नगावरच्या पैशाचा करार पुन्हा बोलणीला घ्यावा असे आम्ही सभेत मांडले तेव्हा आमचेच सभासद आमच्यावर ओरडले. त्यांचेही चूक नव्हते. त्या पैशावर घरे चालत होती.

आम्ही स्वतः सोळाव्या वर्षी धुळ्याला यंत्रमागावर लागलो तेव्हा आधी दोन माग दिले होते, नंतर चार. चार माग झाल्यावर आमच्या कापडात चुका वाढल्या आणि आम्ही मंद आहोत असे ठरले. आमचे हात तेच होते. कांडी बदलायला, तुटलेला धागा सांधायला पूर्वीइतकाच वेळ लागत होता. पण कोणत्या मागावर काय तुटले हे कळायला उशीर होत होता. डाँडर्सने 1868 साली जे दाखविले ते आम्ही चार मागांच्या मध्ये उभे राहून भोगत होतो, आणि शिव्या खात होतो. शेजारच्या मागांवर एक म्हातारे विणकर होते. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "पोरा, पाहत फिरू नको. ऐक. धोट्याचा आवाज बदलतो." महिनाभराने खरोखर ऐकू येऊ लागले. त्या गोंगाटात चार मागांचे चार आवाज निराळे ओळखू येत. पुढे सहा माग देण्याची भाषा सुरू झाली तेव्हा तेच म्हातारे युनियनच्या सभेत उभे राहून म्हणाले की कान दोनच आहेत.

आता त्या पोरांचे उरले. दुसऱ्या खेपेला हिशेब सांगून झाल्यावर मारुतीवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मारुतीने त्या औषधाची ओळख ठेवली असती तर तो किती लवकर आला असता?" आम्ही म्हटले, डोंगराचे ओझे नसते तर बराच लवकर. त्याला ते पटले नाही. म्हणाला, डोंगर आणला म्हणून तर सगळी औषधे मिळाली, पुढच्या लढाईलाही कामी आली असतील. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि आम्ही गेटकडे गेलो. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले आमच्या ध्यानात आले आहे, थोड्या उशिराने का होईना.